तळीला पाचवा माणूस

आल्समेर, २२ नोव्हेंबर २०२०

आक्का, पायांवर डोकं ठेवतो.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोललं की खोकला येतो. हल्ली या घरात मला खोकला आला की सगळे हातातलं काम सोडून माझ्याकडे बघतात. म्हणून पत्र लिहायला घेतलं. टपाल कधी पोचतं, कधी नाही. तेव्हा आमची नात स्वानंदी याचा फोटो काढून तुझ्या नातसुनेच्या मोबाइलवर पाठवणार आहे. सुमेधाला म्हणावं, मोठं करून वाचून दाखव, आणि हसू नकोस. सातवीत दोनदा बसलेल्या माणसाचं अक्षर आहे.

यतीनकडे दोन महिन्यांसाठी म्हणून मार्चमध्ये आलो तो इथेच अडकलो. उन्हाळा बरा गेला. आता थंडी सुरू झाली. आपल्यासारखी कोरडी, शेकोटीची थंडी नव्हे. ओली थंडी, अंगाला चिकटते. सकाळी आठ वाजून गेले की उजाडतं आणि साडेचारला दिवेलागण. मधे ढग. यतीनच्या घरामागे हातभर बाग, मग कमरेएवढ्या झुडपांचं कुंपण, पलीकडे हेंक नावाच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याची बाग आणि तिला लागून तळं. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं मोठं. उन्हाळ्यात त्यात होड्याच होड्या होत्या. आता लोकांनी त्या पाण्याबाहेर ओढल्यात आणि बैलांना झूल घालावी तशा कापडानं झाकल्यात. हेंकच्या होडीची झूल पांढरीशुभ्र आहे. रोज सकाळी तो तिच्यावरची पानं एकेक करून उचलतो.

यतीन एकदा सहज बोलून गेला की हा मुलूख समुद्राच्या पातळीखाली आहे, बांध घालून आणि पंप लावून पाणी थोपवलंय. त्याला सांगताना अभिमान वाटत होता. मी त्या दिवसापासून पासपोर्ट आणि चष्मा वरच्या मजल्यावर ठेवतो. चष्मा रोज खाली आणावा लागतो, पण पासपोर्ट वरच आहे.

आता मुख्य गोष्ट. २० डिसेंबरला चंपाषष्ठी. आपल्या घरची खंडोबाची तळी कधी चुकलेली नाही. बाबा लष्करात होते, आजोबा वारले, पूर आला, तरी पाच पुरुषांनी ती उचलली. आता मी घरातला वडीलधारा आणि मी इथे. माझ्या हातून ती चुकायची नाही. यतीनला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, करू या की. त्यात काय." त्याला सगळ्यातच त्यात काय असतं. घरी पाहुणे तीनच चालतात असा सरकारचा नियम आहे. मी आणि यतीन दोन. पलीकडच्या उइटहॉर्नहून त्याचा मित्र पुष्कर येईल. बाडहूव्हडॉर्पमध्ये राजस आणि श्रीनिवास एका घरात भाड्यानं राहतात, ते दोघं येतील. झाले पाच. अगदी मोजून पाच, म्हणून मला झोप येत नाही.

स्वानंदीला समजावून सांगितलं. ताम्हणात भंडारा, खोबरं, पान-सुपारी ठेवायची. पाच पुरुषांनी डोक्याला काहीतरी घालून ते मिळून धरायचं, येळकोट म्हणत तीनदा उचलायचं, मग भंडारा उधळायचा. ती नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. म्हणाली, "व्हाय ओन्ली मेन?" मी म्हटलं, तसं आहे. म्हणाली, "हू सेड?" मी म्हटलं, जा, दात घास.

एक विचारायचं राहिलं. मला लहानपणची एक तळी आठवते. मी दारात उभा आहे. पाच जण ताम्हण धरून आहेत आणि त्यातला एक अगदी बुटका, आजोबांची पगडी त्याच्या नाकापर्यंत आलेली. कोण गं तो?

तुझा,
गुरुनाथ

उंब्रज, २७ नोव्हेंबर २०२०

चि. गुरू, सुखी राहा.

पत्र मिळालं. हसू नकोस असं जिथे लिहिलंयस तिथेच सुमेधा पहिल्यांदा हसली.

चष्मा वर आणि माणूस खाली, हे तुलाच सुचावं. पाणी आलं तर पासपोर्ट कोरडा राहील आणि तू वाहून जाशील. मग तो कोणाचा म्हणून दाखवायचा?

पालीच्या खंडोबाची जत्रा यंदा बंद आहे. पुण्याची पोरं येणार नाहीत, त्यांचा फोन आला होता. घरात गडीमाणूस म्हणून यंदा फक्त बोका आहे. तरी तू इकडची काळजी करू नकोस. ताम्हण चिंचेनं घासून ठेवलंय. इकडचं मी बघते, तू तुझं बघ.

चातुर्मासभर वांगं खाल्लं नसशील अशी आशा आहे. तुझ्या सुनेला, मृण्मयीला सांग, तुमच्या विजेच्या शेगडीवर वांगं भाजत नाही म्हणून रडू नकोस. तेलाचं बोट लावायचं, सुरीनं टोचायचं आणि भट्टीत ठेवायचं. टोचलं नाही तर फुटतं. बाजरीच्या रोडग्याला मीठ बेतानं.

तो बुटका कोण होता हे मला काय विचारतोस? त्या वयात तुला भिंतीवरची पालसुद्धा मगर वाटायची.

आक्का

आल्समेर, ७ डिसेंबर २०२०

आक्का,

हे पत्र वाचून झालं की सुमेधाला मोबाइलमधून पुसून टाकायला सांग. इकडे कोणाला कळता कामा नये. स्वानंदीनं शपथ घेतली आहे.

परवा इथला लहान मुलांचा सण झाला. मुलं बुटात गाजर ठेवून झोपतात, पांढऱ्या दाढीचा एक साधू घोड्यावरून येतो, घोडा गाजर खातो आणि साधू बुटात खाऊ ठेवतो. स्वानंदीला तिच्या नावाचं पहिलं अक्षर मिळालं, चॉकलेटचं. गाजर रात्री यतीननं खाल्लं, मी पाहिलं. तर काल रविवारी ती खुशीत होती आणि म्हणाली, आता तुझा सण शिकव. मी म्हटलं, चल, तालीम करू. यतीन आणि मृण्मयी वर कपाट लावत होते. आम्ही दोघं बागेत गेलो. तिला येळकोट म्हणायला शिकवलं. पोरीचा आवाज असा खणखणीत की तळ्यावरची बदकं उडाली. मग म्हटलं, उधळायचं कसं तेही दाखवतो. पिशवीतली मूठभर हळद घेतली आणि उधळली.

आक्का, इथला वारा कुठून येईल याचा नेम नसतो. तो भंडारा वर गेला, कुंपणावरून पलीकडे गेला आणि हेंकच्या पांढऱ्या झुलीवर जाऊन बसला.

हेंक सायकलवर बाहेर गेला होता. परदेश, दुसऱ्याची वस्तू, वर माझ्या राहण्याच्या मुदतीचे कागद सरकारात. मी न्हाणीघरातून बादली, ब्रश आणि कपडे धुवायची पावडर घेतली. स्वानंदीला रस्त्यावर नजर ठेवायला उभं केलं आणि झुडपांच्या फटीतून पलीकडे शिरलो. फेस करून घासलं. आणि काय सांगू, पिवळं होतं ते लाल झालं. जितकं घासावं तितकं लाल. स्वानंदी कुंपणावरून म्हणाली, "आजोबा, धिस इज गेटिंग वर्स." तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. मी परत येताना एक चप्पल तिकडेच राहिली. ती तिनं काठीनं ओढून आणली.

आता झुलीवर अर्धे डाग पिवळे आणि अर्धे लाल आहेत. संध्याकाळी हेंक तिच्यासमोर बराच वेळ उभा होता. मी दिवा न लावता पडद्याआडून बघत होतो. इथे कोणी पडदे लावत नाही, त्यामुळे आमचाच एक पडदा लावलेला दिसतो.

लवकर उपाय कळव.

गुरुनाथ

उंब्रज, ९ डिसेंबर २०२०

चि. गुरू,

सुमेधाला तीनदा वाचावं लागलं. दोनदा तिला हसू आवरेना म्हणून आणि तिसऱ्यांदा मीच म्हटलं, चपलेचं परत वाच.

अरे, चौऱ्याहत्तर वर्षांचा झालास. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक असतं. आयुष्यात एकदा तरी स्वतःचा सदरा धुतला असतास तर ही वेळ आली नसती. आधी भरपूर साध्या पाण्यानं साबण काढ, लाल आहे ते परत पिवळं होईल. मग ऊन दाखव. हळद उन्हाला भिते. दोन दिवस कडक ऊन मिळालं की डाग होता कुठे हे शोधावं लागेल.

आणि पडद्यामागून बघणं बंद कर. चोर तसेच पकडले जातात.

आक्का

आल्समेर, १५ डिसेंबर २०२०

आक्का,

तू म्हणतेस ऊन दाखव. कुठलं दाखवू? तुझं पत्र आल्यापासून सूर्य एकदा दिसला, तोही मी आंघोळीला गेलो तेव्हा. मी यतीनला विचारलं, इथे ऊन कधी पडतं? म्हणाला, "बाबा, एप्रिलमध्ये." परवा भरपूर पाऊस झाला, त्यानं मात्र लाल डाग पिवळे झाले. एवढंच समाधान.

पण आता त्याहून मोठं संकट आलं आहे. काल संध्याकाळी इथले पंतप्रधान टीव्हीवर बोलले. मला भाषा कळत नाही, पण मृण्मयीनं हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली तेव्हाच मी ओळखलं. दुकानं बंद, शाळा बंद, आणि घरी पाहुणे दोनच. मी, यतीन आणि दोन. चार झाले. चार जणांनी आपल्या घरात तळी कधी उचललेली नाही.

मी म्हटलं, पाचव्याला मागच्या दारानं आणू. यतीन पहिल्यांदाच माझ्यावर रागावला. "बाबा, इथे लोक नियम पाळतात. आणि तुमच्या वयाकडे बघून केलाय तो नियम." मी म्हटलं, माझ्या वयाकडे बघून कोणी काही केलं असेल तर ते खंडोबानं. तो म्हणाला, "मग यंदा मनात करू." मृण्मयी त्याला म्हणाली, "तू गप्प बस जरा."

मनात कशी करतात तळी? मनात जेवून पोट भरतं का? आक्का, तुला म्हणून सांगतो. या आजारात रोज इकडची तिकडची बातमी येते. शेवटचा माणूस मीच उरल्यासारखं वाटतं. माझ्या हातून ही तळी चुकली तर पुढे यतीन ती कधी उचलायचा नाही. आज म्हणेल मनात, उद्या म्हणेल फोनवर, परवा विसरून जाईल.

रात्री एक विचार आला. कुंपणापलीकडचा हेंक. तो स्वतःच्या बागेत उभा राहिला तर तो पाहुणा होत नाही. कुंपण कमरेएवढंच आहे. हात पोचतो. तो पुरुष आहे, निर्व्यसनी आहे की नाही ते माहीत नाही, पण टोपी रोज घालतो. फक्त ज्याची झूल मी नासवली त्यालाच कसं विचारू?

आणि तिकडे उंब्रजला काय करते आहेस? पाच जण मिळाले का? तू लिहीत नाहीस.

गुरुनाथ

उंब्रज, १६ डिसेंबर २०२०

चि. गुरू,

थोडक्यात लिहिते. सुमेधाला मेथी निवडायची आहे.

हेंकला विचार. तो कोणत्या जातीचा, कोणत्या देवाचा, हे खंडोबा बघून घेईल. त्याच्या घरी पूर्वीपासून सगळ्या प्रकारची माणसं येतात. पण आधी डागाचं सांग. ज्याला फसवलं त्याच्याबरोबर ताम्हण धरू नये. जाताना हात हलवत जाऊ नकोस.

इकडचं मी बघते असं एकदा सांगितलंय.

आक्का

आल्समेर, २१ डिसेंबर २०२०

आक्का,

पायांवर डोकं ठेवतो आणि आज ते जरा जास्त वेळ ठेवतो, कारण शेवटी तुझ्याकडून एक निकाल हवा आहे.

शुक्रवारी मृण्मयीनं केलेले बेसनाचे लाडू डब्यात घेतले आणि स्वानंदीला दुभाषी म्हणून घेऊन कुंपणापाशी गेलो. निघताना मृण्मयी म्हणाली, "शेवटी सांगताय ना त्यांना?" मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "बाबा, तुमची पत्रं माझ्याच फोनवरून जातात." दहा-बारा दिवस तिला सगळं माहीत होतं. चपलेसकट. म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीच सांगाल. आणि पुढच्या पत्राची वाटही बघत होते."

हेंक होडीपाशीच होता. डागांचे फोटो काढत होता. आम्ही काही बोलायच्या आधी त्यानंच सुरुवात केली. स्वानंदी मला आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगत गेली. "आजोबा, तो सांगतो, त्याने हे कापड विकणारा माणसाला तीन वेळा फोन केला. तो माणूस बोलला, आमचा कापडाला काही होत नाही. हेंक बोलला, मग माझी होडीला काय गोवर आला?"

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण इथली धरणी आधीच समुद्राखाली आहे. मी म्हटलं, स्वानंदी, सांग त्याला. मी केलं. हळद होती. देवाची होती. आणि नंतर साबण लावून बिघडवलं तेही मीच.

ती सांगत होती तेव्हा मी माझ्या चपलांकडे बघत होतो. मग हेंकनं काय करावं? खिशातून फोन काढला आणि त्या दुकानदाराला फोन लावून तिथल्या तिथे माफी मागितली. मग माझ्याकडे वळला. "हे कधी जातं?"

"ऊन पडलं की."

त्यानं वर आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागला. एवढा उंच माणूस, हसताना टोपी पडली त्याची. लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला. तेवढी संधी साधून मी तळीचं विचारलं.

"वजन किती असतं?" तो म्हणाला.

"नारळाएवढं."

"मग पाच माणसं कशाला?"

स्वानंदीनं मला हे मराठीत सांगितलं आणि स्वतःचं जोडलं, "मी पण हेच विचारला होता." मी म्हटलं, त्याला सांग, एकट्यानं उचललं तर ते नुसतं ताट होतं. तिनं काय सांगितलं देव जाणे, पण हेंकनं मान हलवली. पुढे म्हणाला की वांगी भाजायची असतील तर त्याच्याकडे पिंप आहे, धुराचं. चांगलं म्हणून मी हो म्हणणार, तोच स्वानंदी म्हणाली, "आजोबा, त्यात तो मासे भाजतो." वांगी आमच्या भट्टीतच भाजली. तू सांगितलंस तशी टोचून. एक टोचायचं राहिलं, ते फुटलं.

आता अंतराचा प्रश्न होता. वेगवेगळ्या घरच्या माणसांनी दीड मीटर लांब राहायचं. ताम्हणाऐवजी आमच्याकडे स्टीलचं ताट, त्याभोवती पाच जण म्हणजे डोक्याला डोकं लागणार. पुष्करनं फोनवरच तोड काढली. म्हणाला, "काका, ताट फळीवर ठेवा आणि फळी धरू." हेंककडे होडीवर चढायची लांब फळी होती. ती त्यानं गरम पाण्यानं धुतली. पावडर लावू का म्हणून मला विचारलं. टोमणा होता.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून, टोपी घालून तयार. भरीत झालं, रोडगे झाले, पातीचा कांदा चिरला. तेवढ्यात श्रीनिवासचा फोन. नव्या नियमामुळे त्या दोघांतला तो एकटाच येणार होता. राजसला सकाळपासून खोकला आणि ताप. तपासणी होईपर्यंत दोघांनाही घराबाहेर पडता येणार नाही.

आक्का, मी बागेतल्या ओल्या बाकावर तसाच बसलो. पुष्कर उइटहॉर्नहून सायकलनं आला होता. इथे कोणी घालत नाही ते सायकलचं शिरस्त्राण तो घालतो, ते डोक्यावर तसंच. कुंपणापलीकडे हेंक कोट घालून उभा. यतीन, मी. परत चार. आयत्या वेळी कोणाला बोलावणार?

यतीन म्हणाला, "स्वानंदी धरेल."

मी म्हटलं, "मुलगी आहे ती."

"मग मी धरू?" मृण्मयी दारातून म्हणाली. हातात उलथनं होतं.

नको म्हटलं असतं तर तळी गेली असती. हो म्हटलं तर आजोबा, बाबा सगळे समोर उभे राहत होते. स्वानंदी माझ्याकडे बघत होती. पोरीनं तालमीनंतर रोज येळकोट घोकला होता. शाळा बंद, मैत्रिणी बंद, सणाच्या नावानं एवढीच एक गोष्ट तिच्या वाट्याला आली होती. मी म्हटलं, "डोक्याला काहीतरी पाहिजे."

कुंपणापलीकडे हेंकला शब्द कळले नसतील, पण तो सगळं बघत होता. घरात जाऊन त्यानं आपली जुनी होडीवरची टोपी आणली आणि कुंपणावरून दिली. स्वानंदीनं घातली. ती तिच्या नाकापर्यंत आली.

मग उचलली. एका टोकाला पलीकडून हेंक, दुसऱ्या टोकाला पुष्कर, मधे आम्ही तिघं एका घरचे. स्वानंदीला समोरचं काही दिसत नव्हतं, नुसती हनुवटी दिसत होती तिची. पण पहिला येळकोट तिनंच दिला. पुष्करचा आवाज फुटेना, त्याला लाज वाटत होती. हेंकला कसलीच लाज नव्हती. त्यानं दुसऱ्या वेळी असा काही येळकोट ठोकला की तिसऱ्या घरातल्या बाईनं खिडकी उघडली. तिसऱ्यांदा फळी सगळ्यांत उंच गेली. ताट मात्र हललं नाही.

उधळायची वेळ आली तेव्हा मी चिमूटभरच घेतला आणि वारा बघितला. हेंकनं हातानंच थांब म्हटलं. स्वानंदीशी काहीतरी बोलला. ती म्हणाली, "आजोबा, तो बोलतो, अर्धा पिवळा चांगला दिसत नाही. आता सगळा करा."

मला आधी खरं वाटेना. त्यानं होडीकडे बोट दाखवलं आणि स्वतःच ओंजळ पुढे केली. मग काय, आक्का, आम्ही पिशवी रिकामी केली. आमच्या बाजूनं आम्ही, त्याच्या बाजूनं तो. झूल सगळी पिवळी झाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तळ्याच्या काठानं पांढऱ्या, करड्या होड्यांची रांग आहे आणि मधे आपली एक. आज सकाळपासून लोक फिरायला येतात आणि थांबून बघतात. हेंक प्रत्येकाला काहीतरी सांगतो आणि आमच्या खिडकीकडे हात दाखवतो. मी पडदा काढून टाकला.

राजसचा निरोप आत्ताच आला. तपासणीत काही निघालं नाही, नुसतं पडसं. डबा पाठवा म्हणतो.

सगळं चांगलं झालं. तरी रात्री जाग आली. आक्का, मी आपल्या घरच्या तळीला मुलगी लावली. आजवर कोणी केलं नाही ते मी केलं. तू मोठी आहेस. काही प्रायश्चित्त असेल तर सांग, मी करतो. पोरीला मात्र काही बोलू नकोस. ती टोपी अजून तिच्या डोक्यावर आहे, जेवतानाही काढली नाही.

तुझा,
गुरुनाथ

उंब्रज, २३ डिसेंबर २०२०

चि. गुरू,

काल सुमेधानं पत्र वाचून संपवलं. मग ती म्हणाली, आजी, तो बुटका कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, आता सांगून टाका.

तू मला त्या बुटक्याचं विचारलं होतंस. आजोबा वारले त्या वर्षीची गोष्ट. बाबा लष्करात, रजा मिळाली नाही. चुलत आजोबा, त्यांचे दोन मुलगे आणि गुरव, असे चारच झाले. पाचवा येतो म्हणाला होता तो आला नाही. ऊन कलायला लागलं. चुलत आजोबा म्हणाले, यंदा राहू दे. आईनं मला हात धरून आत नेलं, मामेभावाचा सदरा अंगात घातला, आजोबांची पगडी डोक्यावर ठेवली आणि बाहेर आणून म्हणाली, माझा भाचा आलाय, वाटेत उशीर झाला. चुलत आजोबांना दिसत कमी होतं. बाकीच्यांना दिसत होतं, पण त्यांनाही तळी चुकवायची नव्हती.

मी नऊ वर्षांची होते. पगडी नाकापर्यंत आली होती. मला फक्त ताम्हणाची कड दिसत होती आणि दारात उभे असलेले तुझे उघडे पाय. आईनं नंतर शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. मी सत्तर वर्षं पाळली. आता आई नाही, चुलत आजोबा नाहीत, आणि तू रात्रीचा जागत बसलायस. आई असती तर तिनंच शपथ सोडवली असती.

तेव्हा प्रायश्चित्त वगैरे काही नाही. तू आपल्या घरात नवीन काही केलेलं नाहीस. स्वानंदीला सांग, टोपी जपून ठेव. आणि तुझ्या त्या हेंकला डबाभर लाडू माझ्याकडून दे. मृण्मयीला म्हणावं, वांगी सगळी टोचायची असतात, एकही सोडायचं नसतं.

इकडचं विचारत होतास. रविवारी इथेही तळी उचलली. सुमेधा, तिची सासू, शेजारच्या दोघी आणि मी. पाच झालो. बोका ओट्यावर बसून बघत होता.

पगडी आता मला बरोबर बसते.

आक्का